कोचीत पाणी कोणी सोडलं?

मी एकटी कोचीला जाणार असं सांगितलं तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, "कोणाबरोबर?" एकटी या शब्दात न कळण्यासारखं काय आहे, देव जाणे. समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण मूळची सिन्नरकडची. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि सल्ला देण्यात वीस वर्षांनी मोठी. ती दारातच उभी राहून म्हणाली, "एकट्या? आन् तिथं करनार काय?" म्हटलं, "समुद्र बघणार." तर म्हणते, "बघून झाल्यावर?" मी दार लावून घेतलं.

कारण समुद्र हे कारण नव्हतंच. कारण होता माझा मुलगा.

तो पुण्यात असतो. कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. विचारलं की नीट समजावून सांगतो आणि समजावलं की मला अजिबात कळत नाही. आमचे मिस्टर एसटीत कंडक्टर होते. ते तीन वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद, "आई, नाशिकचा फ्लॅट विकू, तू आमच्याकडे ये." मुलगा चांगला आहे हो. वाईट असता तर सोपं झालं असतं, तोंडावर नाही म्हणून मोकळी झाले असते. सूनही गुणाची. दोघांनी माझ्यासाठी एक खोली काढून ठेवलीय, तिच्यात तूर्त त्यांची व्यायामाची सायकल राहते. त्यांच्या सोसायटीत इतकी शांतता आहे की मला माझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकू येतो.

आमचा फ्लॅट द्वारकेच्या चौकापासून चार मिनिटांवर. दिवसभर हॉर्न, ट्रॅव्हल्सवाल्यांची ओरड, रिक्षावाल्यांची भांडणं. तो आम्ही दोघांनी मिळून घेतला होता. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या फरशा यांनी एका रविवारी स्वतः बसवल्या आणि त्यातली एक इतकी वाकडी बसली की तिच्यावर ठेवलेला कप आपोआप सरकतो. बावीस वर्षं मी त्या कपाला बोट लावून चहा ओततेय. असा फ्लॅट कोणाला विकायचा, आणि विकत घेणारा त्या फरशीचं काय करणार, या विचाराने मी रात्री उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहायचे. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आई, फरशी बदलता येते." त्यालाच का, कोणालाही हे सांगून उपयोग नव्हता.

मग मागच्या पावसाळ्यात मी बाथरूममध्ये घसरले. हाताला प्लास्टर लागलं. झालं, मुलाच्या हातात आयतं कोलीत मिळालं. धम्मचक्र दिनाला तो घरी आला, विहारात वंदना झाली, घरी खीर झाली, आणि खिरीची वाटी खाली ठेवता ठेवता त्याने विषय काढला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी एकटी राहू शकते की नाही, एवढंच ना? मग मी एकटी कोचीला जाऊन येते. पाच दिवस. काही झालं तरी तुला फोन करणार नाही. धड परत आले तर फ्लॅटचा विषय पुन्हा काढायचा नाहीस."

"आणि करावा लागला फोन तर?"

"तर विक फ्लॅट. मी बॅग भरून पुण्याला येते."

हे मी खिरीच्या भरात बोलून गेले, पण त्याने ते पक्कं धरलं. बापासारखाच, सुटे पैसे आणि दिलेला शब्द विसरत नाही. वर स्वतःची एक अट घातली: रोज संध्याकाळी साडेसातला तो मला फोन करणार, मी फक्त "बरी आहे" म्हणायचं. आणि माझ्या मोबाइलमध्ये त्याने असं काहीतरी टाकलं की मी कुठे आहे ते त्याला नकाशावर दिसावं. म्हणजे मी स्वावलंबी बाई म्हणून फिरणार आणि पुण्यात मी एक निळा ठिपका असणार.

यांचं आपलं बरं होतं. ते हयात असताना रोज दुपारी मुलाला फोन करायचे, तोही दोन वाक्यांचा. "जेवलास का?" तिकडून उत्तर यायचं, "हो, जेवलो." "बरं, ठेवतो." फोन ठेवायचे आणि मला म्हणायचे, "जेवलो म्हणतोय. खोटं बोलतोय." त्यांना ठिपक्याची गरज पडली नाही कधी.

कोचीच का, तर त्याला कारण एक कॅलेंडर. मी पाटबंधारे खात्यात कारकून होते. पावसाळा आला की माझी ड्यूटी पूर नियंत्रण कक्षात. त्या खोलीच्या भिंतीवर कुठल्याशा वर्षाचं डिसेंबरचं पान लटकत होतं, त्यावर कोचीच्या समुद्रकाठची चिनी जाळी, मागे लालभडक सूर्य. पुढच्या वर्षी नवं कॅलेंडर आलंच नाही, म्हणून ते पान तसंच राहिलं. अकरा पावसाळे मी त्या जाळ्यांकडे बघत फोन केले. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, ते किती वाजता शहरात पोचेल, घाटावरची दुकानं कधी हलवायची, सगळं मी कळवायचे. गोदाघाटावर दोन तोंडांचा मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर नाशिककर पूर मोजतात. आमच्या खात्याचे आकडे कोणी विचारत नाही, पण मारुतीच्या कमरेला पाणी कधी लागणार ते मला आधी ठाऊक असायचं. नाशिकमध्ये पाणी माझ्या परवानगीने वाढायचं असं नाही, पण मला कळवून वाढायचं. या गोष्टीचा मला नोकरीभर गर्व होता आणि निवृत्तीनंतर तो जरा जास्तच झाला.

तर जानेवारीत मी नाशिकरोडहून थेट गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एर्नाकुलमला उतरले. तिथून बोटीने पलीकडच्या जुन्या गावात. बोटीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "अलोन?" म्हटलं, "अलोन." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी आपण दवाखान्यात समोरच्या पेशंटकडे बघतो.

एका घरात खोली घेतली होती. घरमालकीण साठीची, पांढराशुभ्र झगा घालून दारात उभी. तिला चेची म्हणायचं, म्हणजे मोठी बहीण, हे मी गाडीत एका सहप्रवाशाकडून शिकून गेले होते. ती माझ्याहून वर्षाने लहान निघाली. तरी मी चेची म्हणत राहिले आणि ती मला अम्मा म्हणून सूड उगवत राहिली. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच ठिकाणी मोडायचं, म्हणून आमचं छान जमलं. तिची दोन्ही मुलं आखातात. मी विचारलं, "तुम्ही नाही गेलात त्यांच्याकडे?" ती म्हणाली, "कशी जाऊ? घरात पाहुणे आहेत ना." वर्षाचे बाराही महिने ती खोल्या भाड्याने देते, म्हणजे घरात कायम पाहुणे. या बाईचं डोकं बघून मी मनातल्या मनात हात जोडले.

पहिले दोन दिवस मी राजासारखी फिरले. चिनी जाळी पाहिली. कॅलेंडरमध्ये अकरा वर्षं बघितलेलं आणि समोरचं, फरक एवढाच की कॅलेंडरला वास नव्हता. लाकडाचे भले मोठे वासे, त्यांना लटकवलेले धोंडे, चारपाच माणसं दोर ओढतात, जाळं पाण्यातून वर येतं आणि त्यात बोटभर मासे आणि एक प्लास्टिकची बाटली. मग मसाल्याची गोदामं पाहिली, जुने वाडेवजा बंगले पाहिले, डच लोकांचं काय आणि पोर्तुगीजांचं काय ते बोर्डावर वाचलं आणि लगेच विसरले. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी विचारायचं, फोटो काढून देऊ का? मी काढून घ्यायचे. सगळ्या फोटोंत मी पासपोर्टच्या फोटोसारखी उभी आहे, मागचा देखावा तेवढा बदलतो.

एका चर्चमध्ये एका नामांकित दर्यावर्दी माणसाची कबर आहे. लांबून लोक येऊन ती बघतात, भोवती कठडासुद्धा आहे. बोर्ड वाचला तर कबर रिकामी! माणूस इथे पुरला होता, पुढे त्याची हाडं मायदेशी नेली. म्हणजे इतके समुद्र एकट्याने ओलांडले, शेवटी घरच्यांनी उचलून नेलंच. मी तिथे जरा जास्त वेळ उभी राहिले. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका मावशींनी तर त्या रिकाम्या दगडाला हात लावून नमस्कारही केला. आत कोणी नाही हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण म्हटलं, कशाला उगाच.

दोन्ही दिवस साडेसातला बरोबर फोन आला. "बरी आहे," मी म्हटलं. "ठीक," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी एवढं म्हणाला, "आज खूप चाललीस." हे बापालाही जमलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी शेफारले. दुपारी चारच्या सुमाराला परत जाळ्यांपाशी गेले. शेजारी पाण्यात उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या होत्या. पायऱ्या दिसल्या की नाशिकची बाई काय करते? चपला काढते, पिशवी वरच्या कोरड्या पायरीवर ठेवते आणि पाण्यात पाय सोडून बसते. मी गोदाघाटावर पुण्य मिळवायला कधी गेले नाही, बुधवारच्या बाजाराला गेले; पण मेथीची पिशवी पायरीवर ठेवून पाय धुवून यायचं ही रीत तिथलीच. चाळीस वर्षांत पायरीवरची पिशवी कोणी नेली नाही. इथेही तेच केलं. पाणी शेवटून दुसऱ्या पायरीला होतं. पिशवी मी चांगली चार पायऱ्या वर ठेवली. पिशवीत मोबाइल, नाशिकच्या फ्लॅटची किल्ली, चेचीच्या घराच्या पत्त्याचं कार्ड. पैसे माझ्या कमरेच्या बटव्यात, म्हणून ते वाचले.

आता ऐका माझी अक्कल. पिशवी ठेवताना मी दगडाच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ होती, पिशवीच्या दीड हात वर. मी ती बघितली. नुसती बघितली नाही, खात्याच्या जुन्या माणसाच्या थाटात मनाशी म्हणाले, ही मागच्या पावसाळ्यातली पूररेषा. शेवाळ ओलं होतं. जानेवारीत, कडक उन्हात, मागच्या पावसाळ्यातलं शेवाळ ओलं कसं राहील, हे नाशिकला असताना मला विचारलं असतं तर मी शिपायालासुद्धा फाडफाड समजावून दिलं असतं.

जाळं ओढणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याने हात केला, "अम्मा, पुल?" टुरिस्ट लोकांना ते दोर ओढायला देतात. मी गेले. अकरा वर्षं बघितलेल्या चित्रात शिरायची संधी कोण सोडेल? दोर ओढला, जाळं वर आलं, चार मासे आले. पुन्हा ओढला. मग त्यांनी काळा चहा दिला, म्हाताऱ्याला थोडं मोडकंतोडकं हिंदी येत होतं, मला भरपूर येत होतं, गप्पा रंगल्या. तास-दीड तास कसा गेला कळलं नाही.

परत येऊन बघते तर पिशवी ठेवलेली पायरीच नाही! पाणी त्या पायरीच्या वर, वरच्या दोन पायऱ्याही ओल्या. एक चप्पल काठाजवळ तरंगत होती, दुसरीचा पत्ता नाही, पिशवी तर नाहीच. मी आधी आभाळाकडे पाहिलं. ढगाचं नाव नाही. मग मी जे केलं ते फक्त आमच्या खात्यातलं माणूसच करू शकतं. मी धावत त्या म्हाताऱ्याकडे गेले आणि ओरडले, "पानी किसने छोडा? कौन सा डॅम है उपर?"

त्याला कळेना. "डॅम?"

"अरे बाबा, पानी बढ गया ना! बिना बताए कैसे छोडा?"

म्हाताऱ्याने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बोट वर केलं. दिवसाढवळ्या आभाळात अर्धा फिकट चंद्र होता. "चाँद," तो म्हणाला. "रोज छोडता है, अम्मा."

बाकीचे खो खो हसले. मीही हसायला पाहिजे होतं, पण मला रडू फुटलं. भरती-ओहोटी मी शाळेत वाचली होती, पेपरात लिहिली होती, मार्कही मिळाले होते. पण वाचलेली भरती आणि पिशवी नेणारी भरती एकच, हे डोक्यात शिरलं नव्हतं. त्या माणसांनी बिचाऱ्यांनी बांबूने पाणी ढवळून पाहिलं, एक जण गळ्याइतक्या पाण्यात उतरला. पिशवी मिळाली नाही. तरंगती चप्पल तेवढी त्यांनी काढून दिली, ती हातात धरून मी निघाले.

निघाले खरी, पण जायचं कुठे? पत्त्याचं कार्ड समुद्रात, नकाशा समुद्रात. रस्त्याचं नाव इंग्रजी होतं आणि आठवत नव्हतं. नाशिकमध्ये हरवलं तर नदी कुठे विचारायचं, मग अलीकडे की पलीकडे ते ठरतं. इथे कोणाला विचारू आणि काय? एवढं लक्षात होतं की चेचीच्या घरापुढून एक नाला जातो आणि तो जाळ्यांच्या बाजूला समुद्राला मिळतो. म्हटलं, शोधू नाला, आणि प्रवाहाच्या उलट चालत राहू. नाला सापडला. प्रवाहाच्या उलट बघते तर समोर समुद्र. नाल्याचं पाणी समुद्राकडून गावात चाललं होतं! अख्ख्या नोकरीत पाण्याने माझ्याशी असा आगाऊपणा केला नव्हता. मी हात टेकले आणि पाणी जाईल तिकडे अनवाणी चालू लागले. वीस मिनिटांत चेचीचा निळा दरवाजा आला.

चेचीने मला पायावर पाणी दिलं, चहा दिला, बदली चपला दिल्या आणि आपला मोबाइल पुढे केला. "अम्मा, मुलाला सांग."

मी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला पाच मिनिटं होती. मी फोन घेतला नाही. फोन घेतला म्हणजे संपलं. घर गेलं, वाकडी फरशी गेली, द्वारकेचे हॉर्न गेले, रविवारचा विहार गेला, मी त्या सायकलच्या खोलीत. आणि मी काय म्हणून हरायचं? मी धडधाकट, पैसे बटव्यात, सरकारी नोकरीच्या सवयीने तिकीट आणि आधार कार्ड सुटकेसमध्ये, वर त्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. फ्लॅटची दुसरी किल्ली सिन्नरकरणीकडे. मदत कसली हवी होती मला? दोन दिवस गुपचूप काढायचे आणि परत जायचं, बस.

पण साडेसातला तो फोन करणार आणि तो लागणार नाही. मग तो नकाशा बघेल. ठिपका कुठे असेल? ठिपका समुद्रात. माझा मुलगा पुण्यात बसून आपली आई समुद्रात बघणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि माझा सगळा ताठा गळाला. शर्त गेली खड्ड्यात. मी चेचीच्या हातातून फोन ओढूनच घेतला.

आणि मला त्याचा नंबर आठवेना.

पोटच्या पोराचा नंबर! मोबाइलमध्ये त्याचं नाव दाबायचं की लागायचा, आकडे कधी बघितलेच नव्हते. सुनेचाही नाही, सिन्नरकरणीचाही नाही. चेची समोर उभी. तिला काय सांगू, मला मुलाचा नंबर माहीत नाही? पाठ होते फक्त दोन. एक पूर नियंत्रण कक्षाचा, तिथे फोन करून काय सांगणार, की कोचीत पाणी वाढलंय? दुसरा यांचा. यांच्या नंबरावर मी इतक्या वर्षांत इतके फोन केले होते की तो बोटांनाच येत होता. चेचीसमोर काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून मी तो फिरवला. म्हटलं, हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एखादी बाई मराठीत सांगेल. निदान मराठी तर कानावर पडेल.

बेल वाजली. दोनदा वाजली. मग कोणीतरी उचलला.

"हॅलो?"

मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"हॅलो, कोण? ... आई? आई, तू आहेस का?"

तो माझा मुलगा होता. मी म्हटलं, "मी बरी आहे. फोन बुडाला." मग पुन्हा म्हटलं, "मी बरी आहे." तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दीड तास तू समुद्रात आहेस. तुझा फोन लागेना. बोटीत असशील म्हणून मी गप्प बसलो होतो. सारखा तोच ठिपका. हलेचना." त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. मी त्याला चंद्राची हकिकत सांगितली. तो हसला, मग नाक ओढलं, मग परत हसला.

मी विचारलं, "यांचा नंबर तुझ्याकडे कसा?"

"ते... बँकेचे ओटीपी येतात त्यावर. म्हणून रिचार्ज करतो."

यांचं बँकेतलं खातं मी स्वतः चार खेटे घालून बंद केलं होतं, दोन वर्षं झाली. म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं आणि फोन चेचीला दिला. चेचीने काही न विचारता माझ्या पानात भात वाढला.

उरलेले दोन दिवस मी बिनठिपक्याची फिरले. खोटं कशाला बोलू, त्यात मजा होती. त्या पायऱ्यांवर मी रोज जाऊन बसले, पण सगळ्यात वरच्या. पाणी यायचं, जायचं. म्हाताऱ्याने मला लांबून बघितलं की बोट वर करायचा. पण मजेत फिरताना मनात हेच चालू होतं की हरलो आपण, आता घर आवरायला घ्यायचं. ओट्याची ती फरशी कोणाकडून सुटी काढून घ्यायची, इथपर्यंत माझा विचार गेला होता.

नाशिकरोडला मुलगा घ्यायला आला होता. खास पुण्याहून. सुटकेस मागच्या सीटवर ठेवून त्याने गाडी काढली. द्वारकेला नेहमीप्रमाणे जाम, चारी बाजूंनी हॉर्न. एक ट्रॅव्हल्स आडवी, तिच्यापुढे रिक्षा आडवी. मी काच खाली केली, म्हटलं आता हेही मोजून ऐकायचं. शेवटी मीच विषय काढला. "हरले मी. फोन केला. सांग, कधी येऊ पुण्याला?"

त्याने रिक्षावाल्याला एक हॉर्न मारला. मग म्हणाला, "मला कुठे फोन केलास तू?"

"म्हणजे?"

"बाबांना केलास. बाबांना फोन करायचा नाही असं कुठे ठरलं होतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना. पुढची रिक्षा हलली तरी याची गाडी जागची हलेना, मागचे सगळे बोंबलायला लागले.

घरी आलो. शेजारणीने किल्ली देताना विचारलं, "बघितला का समुद्र?" म्हटलं, "त्याने मला बघितलं." मुलाने खिशातून नवा मोबाइल काढून ओट्यावर ठेवला, तो वाकड्या फरशीवरून सरकला, त्याने न बघता बोट लावून थांबवला. "यात बाबांचं सिम घातलंय," तो म्हणाला. "तुझा जुना नंबर गेला तर गेला. हा तुला पाठ आहे." आणि हॉलमध्ये जाऊन यांच्या खुर्चीत बसला. ठिपक्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

मी परातीत पीठ काढलं. मग हात पुसले आणि म्हटलं, बघू तरी लागतो का. या नव्या फोनमध्ये त्याने आपला नंबर पहिलाच भरून ठेवला होता. लावला. हॉलमध्ये त्याचा मोबाइल वाजला. दारातून दिसत होतं, त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि तसाच बघत राहिला. त्यावर काय नाव आलं असेल ते मला कळलं. तीन बेल गेल्या. मग त्याने फोन कानाला लावला. मी दहा पावलांवर, मला हाक मारली असती तरी चाललं असतं.

"हं, बोला," तो म्हणाला. मला कधी तो बोला म्हणत नाही.

मी विचारलं, "जेवलास का?"

परातीत पीठ कोरडंच होतं, गॅस पेटवलेला नव्हता.

"हो," तो म्हणाला, "जेवलो."

"बरं," मी म्हटलं. "ठेवते."